पोहणं जमलं, धावणं जमलं… सायकलचं काय?

ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात शिरलंय, नावही नोंदवून झालंय आणि आता रोड बाइक घ्यायचीय? पण पगार मात्र घरभाडं, ईएमआय आणि वीकेंडमध्येच उडून जातो? मग शोरूममध्ये शिरण्याआधी जरा थांबा. एकीनं आधीच ठेच खाल्लीय, तुम्ही शहाणे व्हा!

"चाळीस हजारांची सायकल? मग तिला मोटर असेल ना?"

हा बाबांचा प्रश्न. आईचा त्याहून प्रॅक्टिकल, "अगं, कॅरिअरच नाही हिला. डबा कुठे लावणार?" दोष त्यांचा नाही. बाबांनी उमेदीची अठरा वर्षं काळ्या, भक्कम सायकलवरून चिंचवडच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट गाठलीय. तेव्हाचं पुणं म्हणजे सायकलींचं शहर. त्यांच्या लेखी सायकल म्हणजे पगार पुरवायचं साधन, पगार उडवायचं नव्हे!

मला मात्र ट्रायथलॉन करायची होती. आयर्नमॅन वगैरे नाही हो, साधी स्प्रिंट. ७५० मीटर पोहायचं, २० किलोमीटर सायकल मारायची आणि वर ५ किलोमीटर धावायचं. गेल्या काही वर्षांत हे वेड आपल्याकडे सॉलिड पसरलंय. २०१५ मध्ये मिलिंद सोमणनं पन्नाशीत झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली तेव्हा आपण सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर देशातली पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली. त्यात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. तेव्हापासून 'पुढच्या वर्षी मी पण' म्हणणारा एक तरी जण प्रत्येक ऑफिसच्या कँटीनमध्ये सापडतोच.

पोहायला लहानपणी टिळक तलावावर शिकले होते. धावायचे शूज घरात होते. राहिली सायकल. आणि तिथेच माझे १२ हजार रुपये पाण्यात गेले. कसे, ते सांगतेच.

रोड बाइक हवीच का?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे बाइक म्हटलं की पल्सर आठवते. सायकलवाल्यांच्या जगात 'रोड बाइक' म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, हलकी सायकल. शाळेत एखाद्याच नशीबवान पोराकडे असायची आणि आपण जिला 'रेसर सायकल' म्हणायचो, तीच. सरळ हँडलची, थोड्या जाड टायरची ती हायब्रिड. आणि पुढे दोन दांडे असलेली, भाल्यासारखी दिसणारी ती टाइम ट्रायल बाइक. तिच्याकडे सध्या बघायचंसुद्धा नाही!

खरं सांगायचं तर पहिल्या स्प्रिंटसाठी हायब्रिडही चालते. नवशिक्यांच्या बहुतेक स्पर्धांत तिला मनाई नसते. ब्रेक चोख हवेत, हँडलची दोन्ही टोकं बुचांनी बंद हवीत आणि डोक्यावर हेल्मेट हवं. हिशोब करून बघा. २० किलोमीटर ताशी २४ च्या वेगानं गेलात तर ५० मिनिटं लागतात. २८ नं गेलात तर ४३. म्हणजे फरक सात मिनिटांचा. त्यासाठी कुणी एफडी मोडू नये. पण हाच हिशोब ७०.३ च्या ९० किलोमीटरला लावा. तिथे ३ तास ४५ मिनिटं विरुद्ध ३ तास १३ मिनिटं. अर्धा तास! शिवाय त्यानंतर धावायचं असतं, हे विसरू नका. दमलेले पाय सायकलवरून उतरले की विटा बांधल्यासारखे वाटतात.

हा फरक येतो कुठून? सपाट रस्त्यावर पंचविशीच्या पुढचा वेग गाठला की तुमची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि त्या वाऱ्याला सगळ्यात मोठा अडथळा सायकलचा नसतो, तुमच्या अंगाचा असतो. खाली वळलेलं हँडल तुम्हाला वाकवतं, म्हणून रोड बाइक पळते. आता यातच एक गोम आहे. त्या हँडलवर तासन्‌तास आरामात वाकून बसता आलं, तरच तिचा उपयोग. मान अवघडली म्हणून तुम्ही ताठ बसलात की महागडी रोड बाइक आणि शेजारच्या काकूंची लेडीज सायकल, दोन्ही वाऱ्याला सारख्याच!

म्हणून माझा सल्ला असा. एकदाच करून बघायचं असेल तर हायब्रिड चालवा किंवा मित्राची सायकल मागा. दोनेक वर्षं हे वेड टिकणार अशी खात्री असेल तरच रोड बाइक.

१२ हजारांची गोष्ट

माझं बजेट होतं ४५ हजार. फ्रीलान्सरचं बजेट, म्हणजे दोन मासिकांचे चेक आणि एका जाहिरातीच्या कामाचे पैसे जोडून केलेलं. एका ओळखीच्या ओळखीच्यांकडे सेकंडहँड कार्बन बाइक आहे असं कळलं. ३८ हजार फक्त. कार्बन! तो शब्द ऐकूनच मी निम्मी गार झाले. उचलून पाहिली तर एका हातात आली. फ्रेमवर लिहिलं होतं ५४. माझी उंची पाच फूट दोन इंच. विकणारा म्हणाला, "सीट खाली केली की झालं. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, ते मला पुढच्या चार महिन्यांत कळलं. सीट अगदी खाली टेकवली तरी हँडल लांबच. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी मी त्या सायकलवर ताणलेली असायचे. तासाभरानं करंगळीला मुंग्या, दीड तासानं मान दगड. खाली वाकून धरायचं हँडल मी कधी धरलंच नाही, म्हणजे ज्यासाठी रोड बाइक घेतली तेच नाही. आणि एका सकाळी एनडीए रोडच्या उतारावर कुत्रं आडवं आलं. मी ब्रेककडे बोटं नेली. ती पोचली, पण एक सेकंद उशिरा. कोपराला चार टाके पडले. कुत्रं ठणठणीत होतं.

ती सायकल शेवटी २६ हजारांना गेली, एका सहा फुटी मुलाला. त्याला ती अशी फिट बसली की मला रागच आला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना? सायकलच्या बाबतीत उलटं. आधी पाय मोजायचे, मग अंथरूण शोधायचं. गिअर, टायर, सीट, ब्रेक सगळं नंतर बदलता येतं. फ्रेमचा साइज बदलता येत नाही. त्यासाठी सायकलच बदलावी लागते.

पाय मोजायचे कसे? घरच्या घरी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दोन्ही मांड्यांच्या मधे एक पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा इनसीम. त्याला ०.८८३ नं गुणा. ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूमुळे प्रसिद्ध झालेलं हे गणित. उत्तर म्हणजे पेडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. माझा इनसीम ७३ सेंटिमीटर, म्हणजे सीट साधारण ६४.५ वर. हा शेवटचा शब्द नाही, पण सुरुवात करायला झकास आहे. पडताळा सोपा आहे. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. चवडा ठेवला तर गुडघा किंचित वाकलेला.

ही झाली उंची. पण माझी फजिती उंचीनं केलीच नव्हती, लांबीनं केली होती. प्रत्येक कंपनी आपल्या सायकलचा तक्ता देते, त्यात 'स्टॅक' आणि 'रीच' असे दोन आकडे असतात. स्टॅक म्हणजे हँडलच्या बाजूची फ्रेम किती उंच, रीच म्हणजे ती किती पुढे. दोन कंपन्यांच्या 'स्मॉल'मध्येही फरक असतो, तेव्हा अक्षरावर जाऊ नका, आकडे ताडून पाहा. उंची सारखी असली तरी कुणाचे पाय लांब असतात, कुणाची पाठ. सायकलवर बसून हात ब्रेकच्या मुठींवर ठेवले की कोपरं जराशी वाकलेली राहायला हवीत आणि खांदे कानांना लागता कामा नयेत. दोन साइजच्या मधे अडकलात तर लहान घ्या. स्टेम थोडा लांब करणं सोपं, फ्रेम आखूड करणं अशक्य.

मुलींनो, तुमच्यासाठी खास. दुकानात बऱ्याचदा मीडियम आणि लार्जच शिल्लक असतं आणि 'मॅडम, ॲडजस्ट होऊन जाईल' हे पालुपद ऐकू येतं. ॲडजस्ट होत नाही! लहान साइज मागवायला लावा, पंधरा दिवस थांबा. आणि हो, बऱ्याच ब्रेक लिव्हरना एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर बोटांच्या जवळ येते. पाच मिनिटांचं काम आहे. मला ते टाके पडल्यावर कळलं.

शोरूममध्ये काय बघाल?

भाव दुकानागणिक बदलतात, पण ढोबळ अंदाज असा. २५ ते ४० हजारांत ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, मागे सात किंवा आठ गिअर असलेली बरी रोड बाइक येते. पुढे ५० ते ८० हजारांत नऊ गिअर आणि बरेचदा डिस्क ब्रेक. लाखाच्या आसपास आणि वर गेलात की मंडळी गंभीर झालेली असतात. त्याहून खाली दहा-बारा हजारांत ऑनलाइन दिसणाऱ्या 'रोड बाइक'च्या फोटोंवर भाळू नका. हँडल वळलेलं असतं, बाकी सगळं लोखंड.

गिअरची नावं ऐकून गांगरायचं कारण नाही. शिमानोची जुनी शिडी टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ अशी चढत जाते. २०२३ मध्ये त्यांनी 'क्यूज' नावाचं नवं कुटुंबही आणलंय. नवशिक्याला क्लॅरिसचे आठ गिअर भरपूर झाले. मायक्रोशिफ्टचेही चालतील. नाव नंतर बघा, आधी गिअरचे खटके कुठे आहेत ते बघा! स्वस्त मॉडेलमध्ये ते कधी कधी हँडलच्या मधे, स्टेमजवळ असतात. म्हणजे गिअर बदलायला प्रत्येक वेळी हँडलवरून हात काढायचा. आपल्या रस्त्यावर? खड्डा चुकवताना? छे! ब्रेकच्या मुठीतच गिअर असलेली सायकल घ्या. मी जर एकाच गोष्टीसाठी चार-पाच हजार जास्त मोजायला सांगणार असेन, तर ती ही.

मग दात मोजा. पुढच्या लहान चक्राला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३० किंवा ३२ दात असतील तर कात्रजचा घाट बसून चढाल. मागे २५ वर संपत असेल तर सायकल हातात धरून चढायची तयारी ठेवा. टायर २८ मिलिमीटरचा मावतो का, तेही विचारा. पूर्वी २३ चा जमाना होता. रुंद टायर म्हणजे संथ टायर, हा समज आता मोडीत निघालाय, आणि आपले खड्डे काही जात नाहीत. ब्रेक रिमचे असोत वा डिस्कचे, कोरड्या रस्त्यावर दोन्ही उत्तम. पावसाळ्यातही चालवणार असाल तर डिस्क बरे, पण बजेट ताणून नको.

आणि वजन! सायकल उचलून बघायची आणि डोळे विस्फारायचे ही आपली राष्ट्रीय सवय. साडेनऊ किलोची आणि अकरा किलोची, यात दीड किलोचा फरक. ३०० मीटर उंचीचा घाट चढताना सर्वसाधारण हौशी माणसाच्या ताकदीत हा फरक सुमारे २५ सेकंदांचा होतो. सपाट रस्त्यावर जवळपास शून्य. त्या दीड किलोसाठी दुकानदार वीस-तीस हजार मागतो. मी सकाळचा वडापाव सोडला तर फुकटात होईल. (सोडलेला नाही.)

४५ हजार म्हणजे ३५ हजार

हे वाक्य आरशावर चिकटवून ठेवा. बजेट ४५ असेल तर सायकल ३५ ची. बाकीचे दहा कुठे जातात? हेल्मेट, उभा फ्लोअर पंप, दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पुढे-मागे दिवे, बाटलीचा पिंजरा, पॅडची शॉर्ट्स आणि एक दणकट कुलूप. यातल्या शॉर्ट्सना हसू नका, पहिल्या चाळीस किलोमीटरनंतर त्याच आठवतात. हेल्मेट तर शर्यतीत सक्तीचंच. इतकं, की स्टँडवरून सायकल काढण्याआधी त्याचा पट्टा लावलेला हवा आणि सायकल परत लावेपर्यंत तो सोडायचा नाही. सोडलात तर पेनल्टी!

क्लीटचे शूज मात्र लगेच घेऊ नका. स्प्रिंटमध्ये साध्या पेडलवर धावायच्याच बुटांनी सायकल मारता येते, उतरलात की थेट पळत सुटा. शूज बदलण्यात बाकीचे खाली बसलेले असतात तेव्हा तुम्ही रस्त्यावर असता. चक्क फायदा.

कोटेशन घेताना एक गोष्ट तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. कुणी त्याआधीचा भाव सांगत असेल तर गोड हसून बिल मागा.

सेकंडहँड घ्यायचीच असेल तर? जरूर घ्या, साइज बरोबर असेल तर तोच खरा स्वस्तातला सौदा. पण मूळ बिल आणि पेडलच्या आसाखाली कोरलेला फ्रेम नंबर जुळतो का पाहा, चोरीची सायकल गळ्यात पडायला नको. जाताना खिशात पट्टी ठेवा. साखळीच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत मोजल्या तर नव्या साखळीत बरोबर १२ इंच भरतात. १२ आणि एक अष्टमांश इंच भरल्या तर साखळी गेली, आणि बहुधा मागची चक्रंही. तेवढे पैसे भावातून कापून घ्या. आणि कार्बन असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नका. पडलेल्या कार्बनची दुखापत बाहेरून दिसेलच असं नाही.

राहिले ते हँडलवर बसवायचे दोन दांडे, एअरोबार. त्यांची गोष्ट भारी आहे. ट्रायथलॉनवाल्यांनी ते आधी वापरले. मग १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी मागे असलेल्या लेमाँडनं (तोच, गणितवाला) ते लावून टाइम ट्रायल मारली आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. ऐकून लगेच विकत घ्यावेसे वाटतात ना? पण त्या दांड्यांवर हात असताना ब्रेक हाताशी नसतो. मोकळा, ओळखीचा रस्ता आणि वर्षभराची सवय झाल्याशिवाय नको. माझं मत विचाराल तर सिंहगड रोडवर कधीच नको.

माझी दुसरी सायकल नवी, ॲल्युमिनियमची, लहान साइजची, आठ गिअरची. ३२ हजार. वर नऊ हजारांचं सामान. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेले तर त्यांनी व्हॉल्व्ह बघून कपाळाला हात लावला. रोड बाइकला बरेचदा बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्यांच्या पंपाचं तोंड त्याला बसेना. "ताई, हे काय इंजेक्शन आणलंस?" आता मी पितळेचा इवलासा ॲडॅप्टर किल्लीच्या जुडग्यातच ठेवते आणि हवा घरच्या पंपानं मोजून भरते. ट्यूब बदलायलाही काकांनीच शिकवलं, चहाच्या बदल्यात.

स्प्रिंट झाली. सायकलच्या लेगला ४८ मिनिटं लागली, मान दुखली नाही, आणि हँडल खाली वाकून धरलं तेव्हा वारा खरंच कमी लागतो हे पहिल्यांदा कळलं. घरी आल्यावर बाबांनी न विचारताच सायकल खाली नेली. सीट उंच करून घेतली, लेंगा मोज्यात खोचला आणि सोसायटीला तीन चकरा मारल्या. परत आले तेव्हा जरा धापा टाकत होते. सायकल भिंतीला टेकवायला गेले, ती घसरली, पुन्हा टेकवली.

"ब्रेक चांगले आहेत," म्हणाले. "पण चाळीस हजार घेतले आणि स्टँड नाही दिला?"